कोबाईंची मोजदाद

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

कोबाईंनी मसुदा परत पाठवला. तिसऱ्यांदा! लाल पेनानं एकच शब्द गोल केलाय, "फुल-टाइम", आणि शेजारी लिहिलंय — नो. कारण नाही, दुसरं काही सुचवणं नाही. फोन केला तर म्हणाल्या, "यू कम फॅक्टरी. यू काउंट." आणि ठेवला फोन.

खरं नाव मिस को पेक ल्यान. सेंगकांगच्या आमच्या फॅक्टरीच्या प्रमुख, वय चौसष्ट. घरी मी त्यांना कोबाई म्हणते, आता माझा नवरा अभयही म्हणतो. सतराव्या वर्षी कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर बसल्या, तिथून चढत चढत इथवर आल्या. एक्सेल उघडता येत नाही. येत असेल तर उघडत नाहीत. आणि त्यांच्या एका "नो"पायी आम्ही वन-नॉर्थच्या ऑफिसातले सगळे दीडशहाणे तीन आठवडे अडकून पडलोय.

रागाच्या भरात भलतीच मेल करण्यापेक्षा इथं सरळ लिहून काढते. आम्ही हृदयाच्या ऑपरेशनला लागणाऱ्या बारीक नळ्या बनवतो. सरकारशी आमचा करार आहे — कंपनीनं दर ३१ डिसेंबरला फॅक्टरीत किमान एकशेवीस स्थानिक, फुल-टाइम माणसं दाखवायची. बदल्यात सरकार आमच्याकडून कर कमी घेणार. हे २०२९ पर्यंत. आता जूनमध्ये नळ्या तपासणारी नवी मशिनं येतायत, एवढे हात लागणार नाहीत. मुख्यालय म्हणतं, करारात दुरुस्ती करून घ्या. एकशेवीसचे ऐंशी करा, त्याऐवजी आम्ही वन-नॉर्थला वीस संशोधक नेमतो. सवलत गेली तर फॅक्टरी हलवायला पेनांगला जागा बघून ठेवलीच आहे. म्हणजे मग ऐंशीही नाहीत आणि एकशेवीसही नाहीत, सगळेच घरी.

मसुदा लिहायचा मी, कारण कर विभाग माझा. आणि फॅक्टरीप्रमुखाच्या सहीशिवाय तो सरकारी कार्यालयात जात नाही.

जाते परवा. काय काउंट करायचंय ते करते एकदाचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तावातावानं गेले आणि गप्प होऊन आले.

नळ्या बनवतात त्या खोलीत धुळीचा कण चालत नाही. म्हणून बाहेर कपडे बदलायची खोली, आणि तिथं भिंतभर स्टीलचे खण. प्रत्येक खणात पांढऱ्या बुटांचा जोड, खाली नावाची पट्टी. पाळ्या दोन, पण बूट ज्याचे त्याचे. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी कोबाई हे बूट मोजतात. प्रत्येक जोडाला बोट लावून, ओठ हलवत. कोणी काम सोडलं की त्याच दिवशी त्याचे बूट खणातून बाहेर. आकडा निळ्या वहीत. अशा एकोणीस वह्या आहेत!

मला म्हणाल्या, "काउंट." मी मनात म्हटलं, सी.ए. होऊन बावीस वर्षं झाली, आता बूट मोज बाई. मोजले. एकशे एकोणीस. त्यांनी मान हलवली. "अगेन." पुन्हा मोजले. एकशे एकवीस. सगळ्यात खालच्या रांगेत, कोपऱ्यात, दोन लहान जोड होते. मी वाकलेच नव्हते. "यू मस्ट बेंड," म्हणाल्या. हसल्यासुद्धा नाहीत.

मग एकेका जोडापाशी थांबून सांगायला लागल्या. हिचा मोठा मुलगा पॉलिटेक्निकला लागला. हिच्या उजव्या टाचेला त्रास होतो, म्हणून आतून पट्टी शिवलीय. शिवली कोणी? कोबाईंनीच, घरी नेऊन. ही रागीट आहे पण नळीला केसाएवढी चीर गेली असली तरी बोटानं ओळखते. एकशे एकवीस माणसं, आणि एकाही ठिकाणी अडखळल्या नाहीत. माझ्या हाताखाली चौघं आहेत. त्यांच्या मुलांची नावं विचारली तर मला सांगता यायची नाहीत.

शेवटी "फुल-टाइम"चं विचारलं. म्हणाल्या, बाराजणींचे गुडघे गेलेत. दिवसभर उभं राहवत नाही, पण अर्धा दिवस अगदी व्यवस्थित करतील. हात मशिनपेक्षा बरे आहेत त्यांचे. दोन अर्ध्या म्हणजे एक, एवढं करारात लिही, मग ऐंशीपर्यंत खाली यायचं कारणच नाही. मी म्हटलं, मिस को, गुंता होईल, कार्यालय हो म्हणणार नाही.

"यू आस्क्ड?"

नाही विचारलं. कधीच कोणाला विचारलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

यशोधनला सांगितलं, कोबाईंचं म्हणणं मसुद्यात घालते. यशोधन माझा बॉस, वयानं नऊ वर्षांनी लहान, मुंबईचा. मीटिंगमध्ये मी "निशिगंधा", लिफ्टमध्ये "ताई". म्हणाला, "ताई, मुख्यालय ओरडेल." म्हटलं, ओरडू दे, गणित बरोबर आहे. अर्ध्या पाळ्या धरल्या तर ऐंशीच्या जागी आपण एकशेचार देऊ शकतो, सरकारला तेच आवडेल. त्यानं पाच मिनिटं आकडे पाहिले आणि म्हणाला, हे आपल्याला आधी का सुचलं नाही?

कारण आपण वाकलो नाही. पण हे मी बोलले नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

अर्जाला मागच्या सगळ्या वर्षांचा तक्ता जोडायचा असतो. म्हटलं, या वेळी कोबाईंच्या वहीशी ताडून बघू — हो, आता आदर वाटायला लागलाय ना. फोटो मागवले. एकेक ३१ डिसेंबर जुळत गेला. २०२२ जुळला. २०२३ जुळला. २०२४ ला आमच्या अहवालात एकशे तेवीस. कोबाईंच्या वहीत एकशे सोळा.

वचन एकशेवीसचं. वही खरी असेल तर त्या वर्षी आपण चारनं कमी होतो, आणि मी सरकारला लिहून दिलं की तीननं जास्त आहोत.

उद्या नीट शोधते. वहीतच चूक असेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वहीत चूक नाही.

झालं ते असं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मी एक मेमो काढला होता. फॅक्टरीत सातजणी अर्धा दिवस काम करतात, त्या करारात धरल्या जात नाहीत, तेव्हा १ डिसेंबरपासून अर्ध्या दिवसाची पाळी बंद. ज्यांना हवं त्यांनी फुल-टाइम व्हावं. साधा हिशेब, कोबाई नुसत्या फुल-टाइमचा आकडा कळवायच्या तो एकशे सोळा, अधिक या सात. २०२५ च्या फेब्रुवारीत अहवाल करताना मी डिसेंबरची सीपीएफची यादी काढली. प्रॉव्हिडंट फंड सरकारच ठेवतं, त्याहून खरं काय असणार? यादीत सातहीजणींची नावं होती. मी खूश! म्हटलं, मेमो लागू पडला. कोबाईंची तेव्हाचीही मेल होती, "३१ डिसेंबर, ११६." मी वाचली होती. बाईंनी नव्या सातजणी धरल्या नाहीत असं समजून बाजूला सारली. एक फोनही केला नाही.

त्या सातहीजणी नोव्हेंबरमध्येच सोडून गेल्या होत्या. शिल्लक रजेचे पैसे डिसेंबरात मिळाले, त्यावर सीपीएफ कापला गेला, म्हणून नावं यादीत. फॅक्टरीत एकही नव्हती. तिथल्या कुठल्याही पोरीला हे माहीत होतं. हे न कळण्यासाठी माणूस सी.ए.च असावा लागतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कोणाला सांगितलं नाही. यादी तीनदा उघडली आणि मिटली.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेकीनं, वल्लरीनं, आठवडाभर धोशा लावला होता म्हणून पुलाउ उबीन बेटावर गेलो. बोट बारा माणसं भरेपर्यंत सुटत नाही. अकरा जमलो होतो, आणि नाववाला आरामात सिगारेट ओढत बसलेला. मी अकराच अकरा वेळा मोजत होते.

सायकली घेऊन जुन्या घरांपाशी थांबलो तेव्हा अभयला सांगितलं. तो बँकेत, रीतीभातीचा माणूस. सगळं ऐकून म्हणाला, "यादी सरकारची, आकडा यादीतला. तू खोटं कुठे बोललीस? आता उकरून काढलंस तर सवलत पहिल्यापासून रद्द करतील. फॅक्टरी पेनांगला जाईल. एकशे एकवीस माणसं घरी बसतील, तू पहिली. गप्प राहिलीस तर कोणाचं काय बिघडतं?"

खोटं नाही त्यात काही. मी तीन दिवस स्वतःला हेच सांगतेय. पण कोबाईंच्या सहीखाली आता जो तक्ता जाणार, त्यात तो एकशे तेवीस असणार. म्हणजे ज्या बाईनं आयुष्यात चुकीचा आकडा लिहिला नाही, तिच्याकडून मी तो लिहून घेणार, तिला न सांगता. हे मात्र माझ्याच्यानं होणार नाही.

वल्लरी मागे उभी होती. चौदा वर्षांची, कान तिखट. म्हणाली, "आई, जस्ट टेल हर लाह. शी विल स्कोल्ड यू, देन फिनिश्ड."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चिनी नववर्षाची सुट्टी संपून आज फॅक्टरी उघडली. रीतीप्रमाणे दोन संत्री दोन्ही हातांनी दिली, कोबाईंनी दोन परत दिली. आणि मी तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं. मेमो, यादी, मेल वाचून बाजूला सारली ते, सगळं.

त्या रागावल्या नाहीत. टेबलाखालून एक खोका ओढला. आत सात जोड पांढरे बूट, धुऊन, प्रत्येकात नावाची पट्टी ठेवलेली. एकेक बाहेर काढत सांगू लागल्या. ही नातवाला शाळेतून आणायची, दुपारी एकला तिला सुटावंच लागायचं. हिच्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ही मॅडम सलमा, एकवीस वर्षं काम केलं, पाठ धरली होती. कोणाचाच पूर्ण दिवस निघण्यासारखा नव्हता. मेमो वाचून दाखवला तेव्हा कोणी भांडली नाही. बूट धुऊन आणून दिले आणि गेल्या.

म्हणजे मी घालवलेल्या सातजणी, आणि मीच त्यांना जमेत धरून शाबासकी घेतलेली. त्या वर्षी मला बोनस मिळाला होता. हेही लिहिलंच पाहिजे.

विचारलं, मिस को, तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत? म्हणाल्या, "आय सेंड नंबर. आय थिंक यू विल आस्क, व्हाय सेम."

आकडा तसाच का राहिला, हे मी विचारीन म्हणून बाई वर्षभर वाट बघत होत्या. आणि म्हणून तो लाल गोल. माझ्याच मेमोतला शब्द होता तो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

यशोधनला सांगितलं. चेहरा उतरला त्याचा. तो एम्प्लॉयमेंट पासवर आहे, नोकरी गेली की पास गेला. मुलगी नुकती बालवाडीत जायला लागलीय, घराचा करार दोन वर्षांचा. "ताई, मला आजचा दिवस द्या," एवढंच म्हणाला.

मी घरी येऊन भेंडी चिरत बसले. अर्धा किलो चिरली तरी भान नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

यशोधन सकाळी माझ्या टेबलाशी आला आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाला, "ताई, सांगूया. लपवून दुरुस्ती मागायची म्हणजे चुकीवर दुसरी चूक सही करून चढवायची. मुख्यालयाशी मी बोलतो."

आणि बोलला. पाऊण तास. काचेतून दिसत होतं, नुसता उभा होता आणि मान हलवत होता. या पोराला मी आजवर नुसता गोडबोल्या समजत होते. माणसं ओळखण्यात मी किती कच्ची आहे ते या महिन्यात चांगलंच कळतंय.

५ मार्च, गुरुवार

सरकारी कार्यालयातली मीटिंग. आम्ही तिघं — यशोधन, कोबाई, मी. समोर फैझल नावाचे अधिकारी, चाळिशीचे, रोजा चालू असलेले. आम्हाला पाणी विचारलं, स्वतःच्या पुढ्यात काही नाही. दुपारचे चार वाजले तरी आवाजात कंटाळा नाही.

मी सुरुवातीलाच सांगितलं. दुरुस्ती मागण्याआधी मागची चूक सांगायची आहे, आणि ती माझी आहे. सहा मिनिटं लागली. फैझल लिहीत होते. मग म्हणाले, तुमच्याकडे खऱ्या आकड्याचा पुरावा काय?

कोबाईंनी पिशवीतून निळी वही काढली आणि टेबलावर ठेवली. फैझलनी पान पान उलटलं. कुठं खाडाखोड नाही. दर महिन्याला तारीख, आकडा, सही. शेवटी विचारलं, या सातजणी आता कुठे आहेत?

मला माहीत नव्हतं. यशोधनला माहीत नव्हतं. कोबाईंनी सांगितलं. दोघी घरीच. एक हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांपुढची टेबलं पुसते. एक मुलीकडे सरहद्दीपलीकडे जोहोरला गेली. एकीचा नवरा गेल्या जूनमध्ये गेला. मॅडम सलमा शेजारणीची मुलं सांभाळते. एक कोबाईंकडेच दर रविवारी जेवायला येते. सगळं अशा आवाजात, की जणू हजेरी घेतायत.

फैझलनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, दोन अर्ध्यांची एक धरायची ही कल्पना कोणाची? मी कोबाईंकडे बोट दाखवलं. कोबाईंनी माझ्याकडे. आणि यशोधन बिचारा मधे बसलेला!

पायऱ्या उतरताना कोबाई म्हणाल्या, "यू स्पीक ओके." माझ्या सी.ए.च्या निकालाच्या दिवशी बाबांनी पाठ थोपटली होती, त्यानंतर एवढं बरं आज वाटलं.

९ मार्च, सोमवार

उत्तर नाही.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. उत्तर नाही.

कपडे वाळत घालायच्या बांबूला साडी आणि गडू बांधून गुढी उभारली, दरवर्षीसारखी. शेजारच्या आजी दरवर्षीसारख्याच विचारून गेल्या, एवढी चांगली साडी ऊन खाईल ना? कडुलिंबाची पानं लिटल इंडियातून आणली. वल्लरी म्हणे, "सो बिटर, फॉर व्हॉट?" अभयनं तिला काहीतरी समजावलं. मी श्रीखंड वाढता वाढता फोन बघत होते. देवापुढे उभी राहून यंदा स्वतःसाठी काही मागायचं धाडसच झालं नाही. म्हटलं, फॅक्टरी राहू दे.

८ एप्रिल, बुधवार

आलं!

२०२४ या एका वर्षाची सवलत काढून घेतली. कंपनीला त्या वर्षीचा पूर्ण कर भरावा लागेल. पण करार शाबूत. चूक आपणहून सांगितली ही गोष्ट विचारात घेतली, असं स्पष्ट लिहिलंय. आणि दुरुस्ती मंजूर. किमान एकशेचार, अर्ध्या दिवसाच्या दोघींची एक. वर एक कलम त्यांनी स्वतः घातलं आहे — मोजणी कुठल्याही यादीवरून न करता त्या दिवशी कामाच्या जागी प्रत्यक्ष करायची, आणि मोजणाऱ्या एका माणसाचं नाव कराराला जोडायचं.

म्हणजे कोबाईंचे बूट सरकारी करारात गेले. मी यशोधनच्या खोलीत जाऊन रडले. त्यानं टिश्यूचा डबा पुढे केला आणि स्वतःही एक घेतला.

पेनांगचं नाव आज कोणी काढलं नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

मुख्यालयाशी कॉल. वीस मिनिटं. माझी जागा ३१ मेपासून बंद. कर विभागाचं काम यापुढे मुख्यालयातूनच.

त्यांना दोष देता येत नाही. एका वर्षाची सवलत माझ्यामुळे गेली. यशोधन त्यांच्याशी भांडला, ते मला त्याच्या सेक्रेटरीकडून कळलं. मी म्हटलं, अरे, तू सांभाळ स्वतःला, तुला पासची काळजी आहे. तर म्हणाला, "ताई, तुम्ही गप्प राहिला असतात तर मी आज हसत बसलो असतो, आणि मला काहीच माहीत नसतं. ते जास्त वाईट होतं."

घरी सांगितलं. अभयनं चहा करून आणला. उबीनला जे बोलला ते त्याला आठवत असणार, मलाही आठवत होतं. मग म्हणाला, "मी चुकलो होतो, निशी." एकोणीस वर्षांच्या संसारात हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकलं.

वल्लरी म्हणाली, "वाह, आई, यू गॉट सॅक्ड फॉर काउंटिंग, अह?" आणि येऊन मिठी मारली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

सेहेचाळीस पूर्ण होतील ऑगस्टमध्ये. आम्ही पीआर आहोत, इथं कायम राहायची परवानगी आहे, अभयची नोकरी आहे, उपाशी मरणार नाही. पण सकाळी उठून कुठे जायचं?

२९ एप्रिल, बुधवार

कोबाईंनी सातहीजणींना फोन केले. मला शेजारी बसवलं होतं. दुरुस्तीचं सांगून मग प्रत्येक फोन माझ्या हातात द्यायच्या. माफी मीच मागायची, असा नियम केला होता त्यांनी.

तिघी सोमवारपासून येतायत, अर्धा दिवस. जोहोरवाली येणार नाही, तिला तिथं बरं चाललंय. दोघींनी "बघू" म्हटलं. मॅडम सलमा म्हणाल्या, "मी घरी बसलेली असतानाही तुम्ही मला मोजलं होतंत ना? तसंच मोजा." आणि एवढ्या हसल्या की कोबाईंनाही ऐकू गेलं. मीही हसले. लागलं, पण हसले.

निघताना कोबाई माझ्या पायांकडे बघत होत्या. चपलेचा अंगठा तुटायला आलाय, म्हटलं तेच दिसलं असेल.

४ मे, सोमवार

सकाळी कोबाईंचा फोन. "यू कम. काउंट." आता कशाला, मी तर चाललेय, असं पुटपुटत गेले.

यशोधन आधीच तिथं उभा होता. कोबाई जूनपासून अर्धा दिवस करणार आहेत — तपासणीच्या टेबलावर. गुडघे गेलेल्या बाराजणींत एक त्या स्वतःच होत्या! फॅक्टरीप्रमुख त्यांच्या हाताखालचा इंजिनियर होईल. पण कराराला मोजणाऱ्याचं नाव लागतं. मुख्यालयानं विचारलं, कोण? कोबाईंनी माझं कळवलं. मोजणी आणि माणसांची सगळी नोंद, इथं, फॅक्टरीत. पगार बराच खाली. मुख्यालय आठवडाभर नाही म्हणत होतं. यशोधननं मला दाखवलं, कोबाईंनी त्यांना काय लिहिलं ते. एकच ओळ. बरोबर मोजणारे खूप मिळतील, मला एकदा चुकीचं मोजून बसलेली बाई हवी आहे.

खालच्या रांगेत, कोपऱ्यात, नवा जोड. पट्टीवर कोबाईंच्या अक्षरात माझं पूर्ण नाव. घातले. बरोब्बर बसले. नंबर मी त्यांना कधी सांगितला नव्हता.

मग वाकून मोजलं. दोनदा. एकशे पंचवीस, माझे धरून.